ऐकायचं आईनं, बघायचं मी

आमच्या घरात कामाची वाटणी फार पूर्वीच झालेली आहे. ऐकायचं आईनं, बघायचं मी. दारावर कोण आलंय, कुकरच्या शिट्ट्या झाल्या का, दूधवाला काय बडबडून गेला, हे सगळं तिच्याकडे. बसची पाटी, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, टीव्हीवर खालून धावणाऱ्या बातम्या, हे माझ्याकडे. मी जन्मापासून बहिरा आहे. लोक विचारतात, कमी ऐकू येतं का? मी सांगतो, कमी नाही, अजिबात नाही. अर्धवट काम मला आवडत नाही.

मी सोलापुरात एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवतो. विहाराच्या मागच्या गल्लीत आई आणि मी दोघंच राहतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आणि धाकटी बहीण लग्न होऊन लांब गेली. माझ्या स्वतःच्या लग्नाचं काय, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. तो गल्लीतल्या बायका रोज विचारतात, तेव्हा इथे तरी नको.

आई सगळं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरायला होती. कांडी म्हणजे मागावर लागणारी सुताची छोटी नळी. चारी बाजूंना यंत्रमाग धडधडत असायचे. शेजारणीनं कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, असं ती सांगते. तो आवाज मला कधी कळला नाही, पण लहानपणी डबा द्यायला गेलो की फरशीवर पाय ठेवताच पोटऱ्यांपर्यंत मुंग्या यायच्या. तिथल्या बायका आवाजावर विसंबून राहायच्याच नाहीत. तोंडाचा आकार आणि हात, एवढ्यावर त्यांचं सगळं चालायचं. मालक येतोय म्हणजे मिशीला पीळ. चहा आला म्हणजे अंगठा ओठाला. घरी सासूशी वाजलं म्हणजे दोन्ही मुठी एकमेकींवर. मी बहिरा निघालो तेव्हा घरातली बाकीची माणसं रडत बसली. आई कारखान्यातून आली, माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि कारखान्याच्या भाषेत माझ्याशी बोलायला लागली. पुढे शाळेत मला रीतसर खुणा शिकवल्या, ओठ वाचायला शिकवलं, थोडंफार बोलायलाही शिकवलं. पण घरची बोली कारखान्याचीच राहिली.

आईची भाषा मी ऐकलेली नाही, पाहिलेली आहे. छापखान्यातली माणसं ‘आहे’ म्हणतात तेव्हा ओठ वेगळे हलतात, आई ‘हाय’ म्हणते तेव्हा वेगळे. तिचं माहेर दुधनीचं. फार संतापली की ती कानडीत शिरते, आणि कानडी ओठ मला वाचता येत नाहीत. त्यामुळे तिच्या खऱ्या शिव्या आजवर मला लागलेल्या नाहीत.

धाकटीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते. दाजी लष्करात. धाकटी पार पूर्वेकडच्या एका शहरात त्यांच्या क्वार्टरमध्ये राहायची आणि ते स्वतः सीमेवर कुठेतरी. बाळंतपणाला आईनं जायचं, तिला सोडायला मी, हे ठरलेलंच होतं. रेल्वेची तिकिटंही काढली होती. आणि अचानक धाकटीचा मेसेज आला. डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली, परवा सकाळीच ऑपरेशन, दाजींना रजा मिळत नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘दादा, आईला घेऊन ये. मी एकटी आत जाणार नाही.’

मी मेसेज आईला वाचून दाखवला. ती चुलीवरून, म्हणजे गॅसवरून, तवा उतरवत होती. तिनं तवा तसाच हातात धरला.

“ती आत जायच्या आदी मी तिच्या म्होरं पायजे,” ती म्हणाली. “कसं न्हेतोस ते तू बग.”

रेल्वेनं पोचणं शक्यच नव्हतं. राहिलं विमान. सोलापुरातून आता विमान उडतं, पण ते धाकटीच्या दिशेला जात नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीचं, एका मोठ्या शहरातून दुपारी निघणारं विमान ठरलं. त्या दिशेला दिवसातून तेवढं एकच. ते शहर कोणतं हे मी सांगणार नाही, मला तिथे अजून कामं पडतात. विमानात आम्ही दोघंही कधी बसलो नव्हतो.

तिकीट काढताना वेबसाइटवर एक सूचना दिसली. ऐकू न येणाऱ्या प्रवाशांनी मदतीसाठी पुढील क्रमांकावर फोन करावा. मी ती पुन्हा वाचली. मग आईला वाचून दाखवली आणि म्हटलं, तू कर फोन. तिनं पदराला हात पुसले.

“त्या मशिनीतल्या बायका लई बडबडत्यात,” ती म्हणाली. “तूच मार की टिचक्या त्याच्यावर.”

मी टिचक्या मारल्या. विशेष मदत अशा नावाचा एक चौकोन होता, त्यावर खूण केली, बहिरा असं लिहिलं आणि निश्चिंत झालो.

रात्रभर आईनं बांधाबांध केली. शेंगाची चटणी, कडक भाकरी, डिंकाचे लाडू, अळीव, बाळासाठी जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. मी वजनाची मर्यादा लिहून दाखवली. तिनं वाचलीच नाही. भरल्या गाड्याला सूप जड होत न्हाय, म्हणाली, आणि आणखी एक चटणीची पिशवी कोंबली. ती चटणी विमानाला जड झाली नाही, पण पिशवी मला उचलायची होती.

पहाटेच्या बसनं निघालो आणि वेळेच्या बरेच आधी विमानतळावर पोचलो. तिकिटाच्या काउंटरवरच्या मुलानं कॉम्प्युटरमध्ये काहीतरी पाहिलं, कुणाला तरी हात केला, आणि एक माणूस चाकांची खुर्ची ढकलत आमच्याकडे आला. त्यानं माझ्याकडे पाहून खुर्चीकडे हात केला. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

मी कानाला हात लावून नाही अशी मान हलवली. त्यानं समजूतदारपणे डोळे मिटले आणि पुन्हा खुर्ची दाखवली. मी जागच्या जागी चालून दाखवलं. मग एक उडीही मारून दाखवली. रांगेतले लोक बघायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. कान बिघडले तर पाय दुरुस्त करून काय उपयोग, हे त्याला सांगायला माझ्याकडे हिंदी नव्हती आणि त्याला कळेल असा आवाज नव्हता. त्या बिचाऱ्याला मात्र खुर्ची रिकामी परत न्यायची नसावी.

आईनं दोघांकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरची पिशवी काढली आणि खुर्चीत ठेवली.

“ही बसू दे,” ती म्हणाली. “हिलाच चालता येत न्हाय.”

अशा रीतीनं शेंगाची चटणी आणि लाडू खुर्चीत बसून ऐटीत निघाले आणि आम्ही दोघं मागून चालत. तपासणीच्या रांगेपाशी आईनं पिशवी काढून घेतली, त्याला दोन लाडू दिले आणि खुर्ची परत पाठवली. मी हसलो तेव्हा तो माणूसही हसला. राग गेला तो गेलाच.

तपासणीला बायकांची रांग वेगळी होती. आई पडद्याआड गेली आणि मी एकटा पडलो. अशा ठिकाणी नेहमी ती माझ्या एक पाऊल पुढे असते. कुणी तोंड उघडायच्या आत तिचं ठरलेलं वाक्य टाकते, त्याला ऐकू येत न्हाय, मला सांगा. आता मागून कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार. मला काय कळणार? मी चालत राहिलो. खांद्यावर पंजा पडला आणि त्यानं मला गर्रकन फिरवलं. समोर गणवेशातला माणूस होता, तोंडाला मास्क, आणि मास्क जोरजोरात हलत होता. माझ्या खिशात एक कार्ड असतं, छापखान्यात मीच छापलेलं. मी बहिरा आहे, कृपया समोर येऊन सावकाश बोला. मराठी, हिंदी, इंग्रजी. आईला ते आवडत नाही. कपाळावर लिवून कशाला हिंडायचं, म्हणते. त्या माणसानं कार्ड वाचलं, हात खाली केला, आणि मास्क न काढता बोटानं एकेक दाखवत गेला. पट्टा. घड्याळ. खिशातली चिल्लर. शेवटी माझी कॉलर त्यानंच नीट केली.

आत गेल्यावर आमचं दार शोधून आम्ही समोरच्या खुर्च्यांत बसलो. दारावरच्या पाटीवर आमच्या विमानाचा नंबर होता. मी तो तिकिटाशी ताडून पाहिला. बघायचं काम झालं होतं. आता राहिलं ऐकायचं.

“काय सांगितलं तर लक्ष ठेव,” मी आईला हातानं म्हटलं.

“ठेवते की,” ती म्हणाली आणि ताठ बसली.

ऐकताना आईचा चेहरा कसा होतो ते मी लहानपणापासून पाहत आलोय. मान किंचित तिरपी, नजर कुठेच नाही. तशीच ती बसली होती. मी निवांत होतो. मोबाइलवर धाकटीला मेसेज केला, विमानाच्या दारात आहोत. तिनं हात जोडल्याची खूण पाठवली. मधूनच मी आईला विचारायचो, काही बोलले का? ती मान हलवायची, न्हाय अजून. आमच्या रांगेतलं एक कुटुंब उठून सामान घेऊन गेलं. मी आईकडे पाहिलं.

“ते दुसऱ्या इमानाचं आसंल,” ती म्हणाली.

मग आणखी काही जण उठले. मग एक म्हातारा जवळजवळ पळतच गेला. मी डबा उघडून भाकरीचा तुकडा मोडला होता. सहज मान वर केली तर दारावरच्या पाटीवर वेगळाच नंबर होता. वेगळं विमान, वेगळं शहर.

मी धावत मधल्या मोठ्या पडद्यापाशी गेलो. आमच्या विमानापुढे दुसऱ्याच दाराचा आकडा होता, आणि त्याच्यापुढे लाल अक्षरं उघडझाप करत होती. ते दार पार दुसऱ्या टोकाला. मी येऊन आईचा हात धरला आणि ओढली. ती चपला सावरत, पिशवी कवटाळत धावायला लागली. धावता धावता मी एका हातानं तिच्यावर ओरडत होतो. तू काय ऐकत होतीस? इतके लोक उठले, कुणाला तरी विचारायचं! तिला धापा लागल्या होत्या.

त्या दारापाशी कुणीच उरलं नव्हतं. काचेचं दार ओढून घेतलेलं, आणि टेबलामागे गणवेशातली एक मुलगी माईक खाली ठेवत होती. काचेपलीकडे विमान अजून उभं होतं. मी तिकिटं पुढे केली, कार्डही पुढे केलं. तिनं कार्ड वाचलं, आणि मग जगातली सगळी माणसं करतात तेच केलं. माझ्यावरून नजर काढून माझ्याबरोबरच्या माणसाशी बोलायला लागली.

ती हिंदीत काहीतरी आईला सांगत होती. आई म्हणत होती, हां जी. हां जी. ती मुलगी कॉम्प्युटरवर टाईप करायला लागली. तिनं आणखी काही विचारलं. आई म्हणाली, हां जी. मला वाटलं, चला, जमलं.

मग ती मुलगी बोलता बोलता खाली वाकली, कसला तरी कागद काढायला. तिचा चेहरा टेबलाआड गेला. आणि आईची मानही तिच्याबरोबर खाली गेली. तिचं तोंड दिसावं म्हणून आई टाचा उंचावून टेबलावरून पलीकडे वाकली. मुलगी वर आली, आईची नजर वर आली. तिच्या डोळ्यांवर नव्हे, ओठांवर. ओठांवरून हलतच नव्हती.

ते बघणं मला ओळखीचं होतं. मी आयुष्यभर तसाच बघत आलोय.

मी आईचा दंड धरून तिला माझ्याकडे वळवलं. हातानं विचारलं, ती काय म्हणाली?

आईनं पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला.

“मला कळंना,” ती म्हणाली.

हिंदी कळत नाही का?

“ऐकू येईना.” तिचे ओठ थरथरत होते, पण मी नीट वाचलं. “आवाज कळतोय वाईच. बोलनं कळत न्हाय. लई दिस झालं.”

मला काय वाटलं ते सांगतो. पायाखालची फरशी खचली असं काही नाही. मला स्वतःचंच हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं. कारखान्यातल्या त्या मागांनी तिचे कान कधीच पोखरून ठेवले होते, आणि ते जगात एकाच माणसाला कळणं शक्य नव्हतं. तो माणूस तिच्याबरोबर राहत होता. दुसरं कुणी घरात असतं तर त्याला दिसलं असतं की बेल वाजल्यावर ही उठत नाही. आमच्याकडे बेलला माझ्यासाठी दिवा लावलेला. दिवा लागला की तीही उठायची. कुकर चढवला की ती हल्ली त्याच्यासमोरून हलत नव्हती. मला वाटायचं, वय झालं, पायाला उभं राहायची सवय आहे. समोरासमोर ओठ वाचायला तर तिला कारखान्यानंच शिकवलेलं. आंधळ्या-बहिऱ्याची गाठ म्हणतात. आमच्यात आंधळं कुणी नव्हतं, तरी मला दिसलं नाही.

ती मुलगी आमच्याकडे बघत होती. तिनं दोन कागद पुढे सरकवले. मी वाचले. उद्याच्या विमानाची तिकिटं होती. आईनं हां जी, हां जी म्हणून उद्याचं विमान कबूल केलं होतं.

मी कागद आईला दाखवला. उद्या, असं हातानं सांगितलं. उद्या म्हणजे ऑपरेशन होऊन गेल्यावर.

आईनं कागद बाजूला सारला. मग तिनं पदर खोचला, दोन्ही तळहात टेबलावर ठेवले आणि बोलायला लागली. मोठ्यानं बोलली असणार, कारण लांब उभे असलेले लोकही वळून बघायला लागले. तिचं हिंदी मी सबंध वाचलं, कारण ते हिंदी कमी आणि सोलापूरच जास्त होतं.

“मेरेको बी सुनाई न्हाई देता. ये बी बहिरा, मैं बी बहिरी. तू बोली सो मेरेको कुछ बी समझ्या न्हाई. तोंड इधर करके बोल, नहीं तो लिख के दे. मेरी बेटी का कल सुबू आपरेशन है. वो अकेली है. मैं आज जाती.”

माझ्या आईनं माझ्यासाठी हे वाक्य हजार लोकांना सांगितलंय. त्याला ऐकू येत न्हाय. स्वतःसाठी ते म्हणताना तिला मी पहिल्यांदा पाहिलं. तिचे कान, म्हणजे कानाच्या पाळ्या, लालबुंद झाल्या होत्या. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी तिथेच तिच्या पाया पडलो असतो, पण वेळ नव्हता.

मुलगी आधी गोंधळली. मग तिनं टेबलाला वळसा घातला, आमच्यासमोर येऊन उभी राहिली, स्वतःच्या मोबाइलवर टाईप केलं आणि दाखवलं. दार बदलल्याचं माईकवरून सांगितलं होतं. आमची नावंही कितीतरी वेळा पुकारली होती. अख्ख्या विमानतळाला आमची नावं पाठ झाली असतील, आम्ही दोघं सोडून. तिनं लिहिलं, थांबा, विचारते. मग फोन लावला. ती बोलत होती आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून तिच्या ओठांकडे बघत होतो. दोघांनाही काही कळत नव्हतं. आईनं माझी करंगळी धरली होती. रस्ता ओलांडताना मी लहानपणी तिची धरायचो, तशी.

मुलीनं फोन ठेवला, ते दोन्ही कागद फाडले आणि काचेचं दार उघडलं.

विमानात आम्ही शिरलो तेव्हा सगळे आधीच बसलेले होते आणि आमच्याकडे डोळे वटारून बघत होते. आई प्रत्येकाला हात जोडत गेली. जागेवर बसून पट्टा लावेपर्यंत ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तिचा गुडघा थोपटला. सांगायचं नाही का मला?

ती पिशवी पायाशी सारून सरळ झाली. मग माझ्याकडे वळली आणि ओठ न हलवता नुसत्या हातांनी बोलली. कारखान्यातल्या बायका खासगी गोष्टी तशा बोलायच्या. तुझे कान मी. माझेच गेले. तुला काय सांगू? तू रिकामा होशील.

मी म्हटलं, वेडी आहेस.

तिनं मान डोलावली.

मी म्हटलं, मला ओठ वाचता येतात. इतकी वर्षं मी कुठे रिकामा होतो?

“मला वाटलं, माजं काम ग्येलं,” ती या वेळी तोंडानं म्हणाली. “ऐकायला म्हनून मी हुते की तुज्याजवळ.”

आता रडू दोघांनाही आलं. पलीकडच्या बाईनं तिच्या पिशवीतून कागदी रुमाल काढून दिले. तिला वाटलं आम्ही उडायला घाबरलो. तेवढ्यात हवाईसुंदरी मधल्या वाटेत उभी राहिली आणि हात हलवायला लागली. पट्टा असा लावा, असा सोडा. मास्क वरून पडेल, असा ओढा. दारं इकडे, इकडे. सगळं विमान मोबाइलमध्ये तोंड घालून बसलं होतं. आई डोळे पुसून, पुढे वाकून, एकेक हालचाल टिपत होती.

“हिला बी येतंय की आपलं,” ती खूश होऊन म्हणाली. “कुटल्या कारखान्यात हुती, विचार.”

संध्याकाळी आम्ही धाकटीच्या पलंगापाशी पोचलो. दवाखान्यात तिला आधीच दाखल करून घेतलं होतं. पाय सुजलेले, केस विंचरायला कुणी नाही. आईला बघून ती उठायला लागली, आणि आईनं तिला दाबून परत निजवली. मग तिच्या उशाशी बसून केस विंचरायला घेतले. धाकटी पडल्या पडल्या बोलत होती, छताकडे बघत. आई मागे. मला धाकटीचे ओठ दिसत होते, आईला नव्हते. थोडा वेळ आईनं फणी फिरवली. मग ती उठली, समोर येऊन बसली आणि म्हणाली, “हितनं बोल बाई. मला आता म्होरनं दिसलं तरच कळतंय. दादासारकंच.”

धाकटी माझ्याकडे बघायला लागली. मी मान डोलावली. तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओठ मोठे करून म्हणाली, “म्हणून फोनवर नुसतं हं हं करायचीस व्हय गं? मी म्हटलं, आईचं माझ्याकडं लक्षच न्हाय.” मग तिघंही हसलो. केस मात्र अर्धे विंचरलेलेच राहिले, ते मी पूर्ण केले. लहानपणी शाळेत जाताना तिची वेणी मीच घालायचो.

सकाळी तिला आत नेलं. दार बंद होईपर्यंत आई स्ट्रेचरच्या बाजूनं चालत होती आणि धाकटी तिच्याकडे मान वळवून बघत होती. एकटी गेली नाही ती.

मग आम्ही बाहेर बाकावर बसलो. तिथे आणखीही लोक होते. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी डुलक्या काढत होतं. हाक मारली की त्यांना कळणार होतं. आम्हाला दारावरून नजर हलवायची सोय नव्हती. आई तोंड धुवायला गेली तेव्हा मी दार बघितलं, मी चष्मा पुसला तेव्हा तिनं.

दार उघडलं. हिरव्या कपड्यातली नर्स, तोंडाला मास्क, हातात बोचकं. आई ताडकन उठली. “बहिरी हूँ मैं,” तिनं आधी सांगून टाकलं, “इशारे से बोलो.” नर्स थबकली, मग मान हलवली आणि मास्क खाली ओढला. आत बोट दाखवून अंगठा वर केला. धाकटी ठीक. मग स्वतःच्या वेणीला हात लावला. मुलगी.

आम्ही दोघं बोचक्यावर वाकलो. इवलंसं तोंड, लाल झालेलं, डोळे घट्ट मिटलेले, आणि ओठ इतके फाकलेले की आतली जीभ थरथरताना दिसत होती. जन्माच्या सवयीनं मी आईकडे बघितलं आणि हातानं विचारलं, आवाज येतोय?

आईनं कान जवळ नेला. आणखी जवळ नेला. मग ताठ झाली.

“न्हाय,” ती म्हणाली. “येवढ्या लांबनं आले, आन् नातीचं रडनं ऐकू येईना.”

तिचे डोळे भरून आले. आवाज नसण्याचं दुःख मला माहीत नाही, मला तो कधी नव्हताच. तिचं जे गेलं होतं ते मला कळणार नव्हतं, आणि याचं मला फार वाईट वाटलं. मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

तिनं नर्सला दोन्ही हात दाखवले, धुतलेत म्हणून. मग एक हात हळूच दुपट्यात सरकवला आणि बाळाच्या छातीवर ठेवला. ती तशीच थांबली. तिचे डोळे मोठे झाले. तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं, माझा हात आत घेतला आणि आपल्या हाताखाली दाबून धरला.

माझ्या बोटांखाली सगळी छाती गदगदत होती. श्वास भरायची, थांबायची, आणि पुन्हा जोर करून गदगदायची. कुणाचं रडणं मी असं कधी धरलं नव्हतं. मी आईकडे बघितलं.

“बग,” आई म्हणाली, “लई मोट्यानं रडतीया की.”